बोकडाचा गुडघा: कोण कोणाला धरून बसलंय (प्रकल्प नोंदी)

१५ जुलै २०२४, सोमवार

विषय एकदाचा ठरला. गाईड मॅडमनी कागदावर "कार्टिलेजच्या मॅट्रिक्समधल्या प्रोटीन इंटरॅक्शन्स" एवढंच लिहून दिलं होतं, मी म्हटलं मॅडम हे तर जन्माला पुरेल, माझ्याकडे तीन महिने आहेत, तर म्हणाल्या मग एकच प्रश्न घे आणि तो नीट विचार. प्रश्न असा काढला: गुडघ्यातलं कार्टिलेज (शाळेतली कूर्चा हो) हे नक्की कशाने एकत्र राहतं, आणि आपण ते हळूहळू सोडवत गेलो तर आधी कोण सुटतं आणि शेवटपर्यंत कोण हलत नाही.

या टिश्यूची गंमत म्हणजे यात पेशी जवळपास नसतातच, मोठ्या माणसाच्या सांध्यात आकारमानाच्या २ टक्के वगैरे. रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. ६५ ते ८० टक्के पाणी आणि उरलेल्यात मुख्य दोन मंडळी, कोलॅजन २ चे धागे आणि अ‍ॅग्रेकन. अ‍ॅग्रेकन म्हणजे साखरेच्या साखळ्या लादलेलं एक मोठं प्रोटीन. बाकी सगळे कमी प्रमाणातले, पण माझा अंदाज असा की खरी मजा त्या कमीवाल्यांतच आहे.

प्लॅन: एकाच तुकड्याला तीन पाण्यातून काढायचं आणि चार भाग करायचे. पहिलं साधं मिठाचं बफर, यात नुसतेच तरंगणारे निघतील. दुसरं ईडीटीए (धातू पकडून काढून घेणारं रसायन), म्हणजे जे कॅल्शियम किंवा झिंकच्या जोरावर चिकटलेत ते. तिसरं ४ मोलर ग्वानिडीन (प्रोटीनच्या घड्या मोडणारं रसायन), यात जवळजवळ सगळ्यांचे हात सुटतात. आणि चौथं म्हणजे जे उरेल ते. ग्वानिडीनची युक्ती सजडेरा आणि हॅस्कल यांची, १९६९ ची. त्याआधी लोक कार्टिलेज पाण्यात घालून जोरात घुसळून काढायचे, यांनी दाखवलं की घुसळायची गरजच नाही, काप करून ग्वानिडीनमध्ये नुसते हलवत ठेवा, अ‍ॅग्रेकन आपणहून बाहेर येतं.

२० जुलै, शनिवार

जुन्या पेपरात जिकडे तिकडे गाईच्या नाकाचं कार्टिलेज. आपल्याकडे तो विषयच नाही, त्यामुळे बोकड. कॉलेजमागच्या गल्लीतल्या चाचांकडे गेले.

"चाचा, गुडघे पाहिजेत, पण सांधा उघडायचा नाही, वर-खाली हाड तोडून अख्खा द्या."
"सूपला? मग न तोडता काय उपयोग ताई, रस कसा उतरणार?"

सूपला नाही, कॉलेजला म्हटल्यावर ते दोन मिनिटं बघतच राहिले, मग मन लावून दोन गुडघे काढून दिले, वर सांगितलं की पाया प्यायला की गुडघ्यातलं ग्रीस परत भरतं. पोटात कोलॅजनचे तुकडे तुकडे होतात हो चाचा, असं म्हणणार होते पण मागे लाईन होती. वय विचारलं तर "दोन दाती", म्हणजे सव्वा-दीड वर्षाचं. हे वहीत लिहून ठेवतेय, कारण वयाप्रमाणे लिंक प्रोटीन (अ‍ॅग्रेकनला जागी धरून ठेवणारं) आणि अ‍ॅग्रेकन दोन्ही झिजत तुटत जातात, तर एका म्हाताऱ्या आणि एका तरण्या बोकडाचा माल मिसळून चालणार नाही. चाचांना सांगून ठेवलंय, दोन दातीच द्या.

सांधा उघडला तर आत असं चकाकतं, निळसर पांढरं. १५ नंबरच्या ब्लेडने पातळ काप काढले, शहाळ्यातल्या मलईसारखे दिसतात, फक्त दाबले की परत जागेवर येतात. खाली लाल ठिपका दिसला की थांबायचं, ते हाड. दोन गुडघ्यांत तास दीड तास घालवून १.३ ग्रॅम. मला १० हवेत.

२४ जुलै, बुधवार

डीएमएमबी ही टेस्ट बसवली. निळा डाय, त्यात सल्फेटवाल्या साखरेच्या साखळ्या आल्या की क्षणात जांभळा होतो, ५२५ ला रीडिंग. स्टँडर्ड म्हणून शार्कचं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट (अशीच एक साखळी). पटकन वाचायचं, नाहीतर गाळ बसायला लागतो आणि आकडे घसरतात. माझं सॅम्पल आधी १० पट पातळ केलं तर स्केलच्या बाहेर, ५० पट, तरी बाहेर, शेवटी २०० पटीला ग्राफवर आलं. एका अ‍ॅग्रेकनवर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या शंभरेक साखळ्या असतात हे वाचलं होतं, पण सगळ्यांवर निगेटिव्ह चार्ज, ते एकमेकांना ढकलतात आणि पाणी ओढून घेतात, हे २०० पट डायल्यूशन करताना जास्त पटलं.

४ ऑगस्ट, रविवार

गटारी. चाचांच्या दुकानाबाहेर सकाळी सातला रांग वळून कोपऱ्यापर्यंत. मी पण रांगेत, पिशवीत बर्फ आणि प्लास्टिकचे डबे घेऊन. उद्यापासून श्रावण, मग महिनाभर माल कमी, त्यामुळे आजच दहा गुडघे उचलले. मागचे काका विचारत होते एवढे गुडघे, पाहुणे आहेत का घरी. हो म्हटलं.

संध्याकाळी सातपर्यंत सोलत बसले. ७.८ ग्रॅम. मान गेली.

७ ऑगस्ट, बुधवार

तीन धुण्या लावल्या, प्रत्येकी २ ग्रॅम कापांवर. प्रोटीएझ इनहिबिटर (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमना थांबवणारे) लॅबमधल्या सीनियर दादाच्या स्टॉकमधून घेतले, त्याची रेसिपी म्हणे कार्टिलेजवाले पन्नास वर्षं हीच वापरतात. ग्वानिडीन ४८ तास, ४ डिग्रीला, हळू ढवळत.

९ ऑगस्ट, शुक्रवार

काल गुरुवार, लाईट गेली, कोल्ड रूम तीन तास बंद. लॅबच्या मामांनी बर्फाच्या बादलीत बीकर ठेवून वाचवलं, त्यांना चहा लागू.

आज ग्वानिडीनचं सॅम्पल जेलला (यात प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी होऊन पट्टे, म्हणजे बँड, दिसतात) लावायला एसडीएसवाल्या (हा एक डिटर्जंट) लोडिंग डायमध्ये घातलं आणि ट्यूबमध्ये सरळ पनीर. पांढरं घट्ट. ग्वानिडीन आणि एसडीएस एकत्र आले की मीठ तयार होऊन खाली बसतं, हे सगळ्यांना माहीत असतं, मी सोडून. आता आधी इथेनॉलने प्रोटीन खाली आणायचं, धुवायचं, मग युरियात विरघळवायचं. दोन दिवस गेले.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज जेल निघालं आणि भलतंच निघालं.

मला ईडीटीएच्या लेनमध्ये एक बँड हवा होता, ११० किलोडाल्टन वजनाच्या आसपास. कॉम्प. कार्टिलेजमधलं हे प्रोटीन मला फार आवडतं, पाच सारख्याच साखळ्या एका टोकाला एकत्र वळून बांधलेल्या आणि बाकीची पाच टोकं मोकळी, गुलदस्ता धरावा तसं. त्या मोकळ्या टोकांनी ते कोलॅजन २ ला धरतं, कोलॅजन ९ ला धरतं, आणि पाच हात असल्यामुळे एकाच वेळी बऱ्याच जणांना जवळ आणतं. १९९२ मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध केलं तेव्हाही युक्ती हीच होती, ईडीटीएने धुतलं की सुटतं.

तर बँड आला, छान आला, पण पहिल्या लेनमध्ये. साध्या मिठाच्या धुणीत. आणि ईडीटीएच्या लेनमध्ये जवळपास काहीच नाही. अर्धा तास मी असा सिद्धांत रचत होते की बोकडात हे प्रोटीन सैल असतं, मनात पेपरचं टायटल पण झालं होतं.

मग दादा आला, माझी वही बघितली आणि म्हणाला, इनहिबिटरमध्ये काय काय आहे वाच. वाचलं. पहिलीच ओळ: ईडीटीए.

म्हणजे मी मिठाची धुणी म्हणून ईडीटीएचीच धुणी दिली होती. बोकड निर्दोष.

१४ ऑगस्ट, बुधवार

ईडीटीए काढून टाका म्हणजे झालं, इतकं सोपं नाहीये. तो तिथे उगीच नाही घालत. अ‍ॅग्रेकन कापणारे जे एन्झाइम आहेत, एडॅम-टीएस ४ आणि ५, ते झिंकवर चालतात, ईडीटीए झिंक काढून घेतो म्हणून ते बंद पडतात. त्यांची कापायची एक जागा ठरलेली, अ‍ॅग्रेकनच्या पहिल्या दोन गाठींच्या मधल्या पट्ट्यात ३७३ आणि ३७४ नंबरच्या अमिनो आम्लांच्या मध्ये. तिथे कात्री लागली की छोटंसं खोड हायल्युरोननला (साखरेचीच एक लांब दोरी) चिकटून राहतं आणि साखरेच्या साखळ्या असलेला मोठा भाग सांध्याच्या पाण्यात वाहून जातो. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये हेच चालू असतं. २००५ साली एडॅम-टीएस ५ नसलेल्या उंदरांच्या सांध्यात ही झीज कमी होते असं दाखवलं गेलं, तेव्हापासून औषधवाले त्याच्या मागे आहेत.

म्हणजे ज्या धातूने कॉम्प चिकटतं त्याच धातूने कात्री चालते, एक वाचवायला गेलं की दुसरं सुटतं. मॅडमचा तोडगा: पहिली धुणी ईडीटीएशिवाय, पण फक्त दोन तास, बर्फात, पीएमएसएफ (दुसरा एक इनहिबिटर) अगदी ऐनवेळी टाकून. थोडं कापलं गेलं तर जाऊ दे, किती गेलं ते डीएमएमबीवर मोज.

२० ऑगस्ट, मंगळवार

परत तीन धुण्या. या वेळी बँड जिथे असायला हवा तिथे, ईडीटीएच्या लेनमध्ये, मिठात फक्त सावली. मर्कॅप्टोइथेनॉल (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) न घालता तेच सॅम्पल चालवलं तर ११० चा बँड गायब आणि जेलच्या अगदी वर, शिरता शिरता अडकलेला एक जाड पट्टा. पाचही जण डायसल्फाइडने बांधलेले, एकत्र ५०० किलोडाल्टनच्या वर, ते कुठून शिरणार. कॉम्पच असणार. अँटिबॉडी बोकडावर चालेल अशी मिळाली नाही म्हणून रिपोर्टमध्ये "बहुतेक" लिहायचं, असं मॅडम म्हणाल्या आणि ते मला पटलंय.

आता कॅल्शियम का झिंक? मी म्हटलं ईजीटीए लावते, ते फक्त कॅल्शियम धरतं. मॅडम हसल्या. ईजीटीए मॅग्नेशियम सोडून कॅल्शियम धरतं, पण झिंकला ते कॅल्शियमपेक्षाही घट्ट धरतं, त्यामुळे काहीच वेगळं कळणार नाही. उलटं कर म्हणाल्या, ईडीटीएला आधीच कॅल्शियमने भरून टाक. भरलेला ईडीटीए टिश्यूतलं कॅल्शियम घेणार नाही, पण झिंक दिसलं की हातातलं कॅल्शियम टाकून ते उचलेल.

केलं. साध्या ईडीटीएत गडद बँड, कॅल्शियम भरलेल्यात फिका पण आहे. म्हणजे दोन्ही थोडं थोडं असावं. तसंही कॉम्पच्या मधल्या भागात कॅल्शियम बसलेलं असतं आणि ते काढलं की त्याची घडीच बदलते, कोलॅजनला धरायला झिंक लागतं हे १९९८ मध्ये दाखवलंय. पण एक जेल, एकच खेप, यावर मी काही बोलणार नाही.

एक बाजूची गोष्ट. कॉम्पच्या जीनमध्ये बिघाड झाला की स्यूडोअकाँड्रोप्लेजिया होतो, उंची खुंटते, सांधे लवकर जातात. त्यात बिघडलेलं कॉम्प पेशीच्या आतच अडकून पडतं, आणि एकटं नाही, कोलॅजन ९ आणि मॅट्रिलिन ३ (मॅट्रिक्समधलंच आणखी एक प्रोटीन) ला पण सोबत धरून बसतं. बाहेर जाऊन ज्यांना धरायचं त्यांना घरातच धरलं. हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

ग्वानिडीन काढायला डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर जाऊ द्यायचे, मोठे आत राहतात. पिशवी वरपर्यंत भरून गाठ मारली, जागाच सोडली नाही. सकाळी बघते तर ती फुगून टम्म, टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजेल अशी. काही दोष ग्वानिडीनचा, ते बाहेर जाईपर्यंत पाणी आत घुसतं. पण ग्वानिडीन पूर्ण गेल्यावरही ती ताठच राहिली, कारण आत अ‍ॅग्रेकन, तो बाहेर जाऊ शकत नाही आणि त्याच्या चार्जमुळे आयन आणि पाणी आत ओढलेलं राहतं.

मग दुसऱ्या बीकरमधले ग्वानिडीनमधून काढलेले काप बघितले. चिमट्याने दाबले. आधी उसळून वर यायचे, आता दबले की दबलेलेच, ओल्या टिश्यू पेपरसारखे लोळागोळा. आकार मात्र तोच, कड न कड शाबूत, कारण कोलॅजन आडवे बंध घालून एकमेकांना पक्कं शिवलेलं आहे आणि ग्वानिडीन ते बंध तोडू शकत नाही. आत कोलॅजन ११, बाहेरून कोलॅजन ९ पण त्याच टाक्यांनी जोडलेलं.

तर एका हातात फुगलेली पिशवी आणि दुसऱ्या हातात लुळे काप. जोडीने असतात तेव्हा एक फुगायला बघतं आणि दुसरं फुगू देत नाही, त्या भांडणातच गुडघ्याचा ताठपणा. फोटो काढला, मामा म्हणाले पिशवी फुटली तर मी पुसणार नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार

डीईएई कॉलम (निगेटिव्ह चार्जवाल्यांना धरून ठेवतो), ७ मोलर युरियात. अ‍ॅग्रेकनला एवढा चार्ज की बाकी सगळे कमी मिठात उतरून गेले तरी हा बसून राहतो, मीठ बरंच वाढवल्यावर उतरला. लिंक प्रोटीन आधीच्या पाण्यात गेलं. ते जपून ठेवलंय. साधा जेल चालवून उपयोग नाही, अ‍ॅग्रेकन शिरतच नाही, वेलमध्येच (सॅम्पल घालायच्या खाचेत) बसतो आणि कूमासी ब्लूला (प्रोटीनचा रंग) पण दाद देत नाही, टोल्युइडिन ब्लू लावल्यावर वेल जांभळी झाली तेवढाच पुरावा.

पुढच्या शनिवारी गणपती. घरी.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन झालं, परत बाकावर.

आज ज्याची वाट बघत होते तो प्रयोग, आणि यंत्र म्हणजे आमच्या फिजिकल केमिस्ट्रीच्या कपाटातलं ऑस्टवाल्ड व्हिस्कोमीटर (द्रव नळीतून उतरायला किती सेकंद लागतात त्यावरून घट्टपणा कळतो), धूळ खात पडलेलं. हार्डिंगहॅम आणि म्युअर यांनी १९७२ मध्ये दाखवलं की अ‍ॅग्रेकनमध्ये (तेव्हा हे नाव नव्हतं, नुसतं प्रोटिओग्लायकन) अगदी थोडं हायल्युरोनन म्हणजेच हायल्युरोनिक अ‍ॅसिड घातलं की त्याचा आकार एकदम वाढतो, घट्टपणा वाढतो. म्हणजे एका लांब हायल्युरोननच्या दोरीवर बरेच अ‍ॅग्रेकन जाऊन बसतात. या हेलन म्युअर जन्मल्या नैनितालला, १९२० मध्ये, हे कळल्यावर उगाच ओळखीच्या वाटायला लागल्या.

रूममेटचं फेस सीरम आहे हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं, ती म्हणाली यातलं घे. नको, त्यात आणखी काय काय आहे देव जाणे. लॅबचंच घेतलं, अ‍ॅग्रेकनच्या शंभराव्या भागाइतकं.

२५ डिग्रीच्या पाण्यात नळी, मोबाईलचं स्टॉपवॉच, प्रत्येकी पाच वेळा. नुसतं बफर ६१ सेकंद. नुसतं हायल्युरोनन ६२. नुसतं अ‍ॅग्रेकन ७४. दोन्ही एकत्र: ११०.

शेवटच्या वेळी द्रव वरच्या खुणेवरून खाली येताना डोळ्यांनी दिसत होतं की हे जड चाललंय. हेच ४ मोलर ग्वानिडीनमध्ये केलं (त्याचं वेगळं ब्लँक घेऊन) तर एकत्र केल्याने काहीच फरक नाही. पकड सुटली.

२३ सप्टेंबर, सोमवार

खात्री करायला हायल्युरोनिडेझ घातलं, फ्रीजमध्ये बैलाच्या वृषणातलं होतं ते. हायल्युरोननची दोरी कापली की घट्टपणा उतरायला हवा. ११० वरून ६४. मी खूश, मॅडमना ग्राफ दाखवला.

"हायल्युरोनन न घालता, नुसत्या अ‍ॅग्रेकनवर एन्झाइम घालून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. बघितलं: ७४ वरून ६३. म्हणजे दोरी नसतानाही उतरलं. हे वृषणातलं एन्झाइम कॉन्ड्रॉइटिन सल्फेट पण खातं, ते दोरीबरोबर अ‍ॅग्रेकनलाही भादरत होतं. माझा सुंदर ग्राफ बाद.

स्ट्रेप्टोमायसिसवालं एन्झाइम फक्त हायल्युरोनन कापतं. शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागायला दादाला पाठवलं, माझं तिथे आधीच एक पिपेट बाकी आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

स्ट्रेप्टोमायसिसवालं: एकत्र ११० वरून ७५. नुसतं अ‍ॅग्रेकन ७४ चं ७४. आता बरोबर.

आता लिंक प्रोटीन. ते अ‍ॅग्रेकनच्या टोकाला आणि हायल्युरोननला, दोघांना एकदम धरतं. म्हणून त्याला कुलूप म्हणतात, पण कुलूप आहे हे दाखवायचं कसं? दहा साखरेचा हायल्युरोननचा तुकडा अ‍ॅग्रेकनची पकडायची जागा अडवू शकतो, त्याहून लहान असेल तर नाही. तर असे तुकडे जास्त घातले की ज्यांना कुलूप नाही ते मोठी दोरी सोडून तुकड्यांवर जातील, आणि ज्यांना आहे ते हलणार नाहीत.

स्ट्रेप्टोमायसिसवाल्याने चार-सहा साखरेचेच तुकडे पडतात, ते उपयोगाचे नाहीत. दहाच्या वरचे हवे असतील तर वृषणातलं एन्झाइम, थोडा वेळ, आणि मग उकळून बंद करायचं. सोमवारी ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच दारात. उकळल्यावर नुसत्या अ‍ॅग्रेकनवर टाकून बघितलं, ७४ च राहिलं, म्हणजे मेलंय.

१ ऑक्टोबर, मंगळवार

दोन नळ्या. एकात कॉलमवरून आलेलं, लिंक नसलेलं अ‍ॅग्रेकन अधिक हायल्युरोनन. दुसऱ्यात कॉलमवर न घातलेला कच्चा अर्क, ग्वानिडीन हळूहळू उतरवून परत एकत्र आलेला, म्हणजे बोकडाचं स्वतःचं लिंक प्रोटीन आणि स्वतःचं हायल्युरोनन त्यातच. अ‍ॅग्रेकन दोन्हीकडे डीएमएमबीने सारखं करून घेतलं. दोघांत तुकडे घातले, अर्धा तास थांबले.

पहिली: ११० ची ८१.

दुसरी आधी ११८ होती. तुकडे घातल्यावर ११७. परत, ११८. तिसऱ्यांदा ११७. दादा मागे उभा होता, म्हणाला तुझं स्टॉपवॉच अडकलंय का बघ.

कच्च्या अर्कात बाकी पण बरेच जण आहेत, त्यामुळे श्रेय एकट्या लिंकचं असं नाही म्हणता येणार. ३० ऑगस्टचं ते जपून ठेवलेलं पाणी आहे, लिंकवालं, ते पहिल्या नळीत परत घालून बघायचं. युरिया काढायला आज रात्री डायलिसिसला लावलंय. पिशवीत या वेळी जागा सोडलीये.